६८० रुपयांचं दहापट भिंग: मृगापासून चित्रापर्यंत वापरून

मी घड्याळजी. रत्नागिरीत ३१ वर्षं दुकान आहे, त्यामुळे भिंगाबद्दल मला कुणी शिकवावं अशी वेळ आजवर आली नव्हती. ती भाचीनं आणली. ती एमएस्सी करते, विषय वनस्पतिशास्त्र. मे महिन्यात दुकानात आली, माझं डोळ्याचं भिंग उचललं, काउंटरवरच्या वाटीतली बडीशेप त्यातून बघितली आणि म्हणाली, "मामा, हे चौपटच आहे रे. सड्यावर याचा काही उपयोग नाही." सडा म्हणजे आमच्याकडचं कातळाचं उघडं पठार, आणि बघायची होती ती पावसाळ्यात त्यावर उगवणारी बारीक झाडं.

दुकानात याच भिंगावर मी बायकांच्या मनगटावरची तांदळाएवढी घड्याळं खोलतो. पण तिचं म्हणणं खरं निघालं. चौपट भिंग डोळ्याच्या खोबणीत अडकवायचं असतं, दोन्ही हात मोकळे राहतात आणि वस्तू दोन-अडीच इंचांवर ठेवून चिमट्यानं काम करता येतं. घड्याळाला तेच हवं. सड्यावर हातांना काम नसतं, डोळ्यांना असतं.

आधी चूक सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. मी पहिल्यांदा ऑनलाइन '४०×' लिहिलेलं, दिवा बसवलेलं भिंग मागवलं. १९० रुपये. आकडा मोठा, किंमत कमी, वर उजेड फुकट. आल्यावर स्टीलच्या पट्टीवर धरून बघितलं: एका डोळ्यानं भिंगातला मिलिमीटर, दुसऱ्या डोळ्यानं बाजूला साध्या पट्टीवरचे मिलिमीटर, आणि दोन्ही एकमेकांवर बसवायचे. घड्याळजीला दोन डोळे वेगवेगळे वापरायची सवय असते. चाळीस सोडाच, दहासुद्धा धड भरेनात. कडेला निळी-तांबडी झालर दिसायची ती वेगळीच. दिव्याचे बटणसेल पहिल्याच पावसात गेले. ते भिंग आता आमच्याकडे तांदळातले खडे बघायला आहे.

मग हे दुसरं घेतलं. '१०×, तीन काचांचं.' ६८० रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हुबेहूब हेच भिंग पाच-सहा नावांनी विकायला आहे आणि माझ्या तक्रारीसुद्धा सगळ्यांना सारख्याच लागू होतील. तीन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असल्यामुळे रंगाची झालर जवळजवळ नाही. पट्टीवर धरल्यावर दहापट बरोबर भरलं. पितळेवर क्रोमचा मुलामा, फिरवून मिटायचं झाकण, बिजागरीला एक स्क्रू. त्या स्क्रूकडे मी पहिल्या दिवशीच संशयानं बघितलं होतं. त्याच्याकडे नंतर येतो.

धरायची पद्धत आधी सांगतो, कारण ती न कळल्यामुळेच लोक भिंगाला नावं ठेवतात. पोथी वाचल्यासारखं हात लांब करून धरू नका. भिंग डोळ्याला टेकवा, इतकं की पापणी लागेल, आणि मग जे बघायचं ते अडीच सेंटीमीटरवर आणा. सड्यावरची झाडं उचलून जवळ आणायची नसतात, म्हणजे डोकं खाली न्यायचं. म्हणजे पालथं पडायचं. मी खताच्या गोणीचा तुकडा स्कूटरच्या डिकीत ठेवतो. पहिल्या दिवशी गुरं राखणारे एक आजोबा लांबून बघत होते. जवळ येऊन म्हणाले, "काय वो, काय हरवला काय?"

सडा म्हणजे काय ते घाटावरच्या वाचकांसाठी नीट सांगतो. जांभ्या दगडाचं उघडं पठार. उन्हाळ्यात काळं पडलेलं, अनवाणी उभं राहता येणार नाही इतकं तापलेलं. माती म्हणाल तर कुठे बोटाच्या पेराएवढी, कुठे नुसती दगडाच्या खळग्यात साचलेली चिमूटभर. सातबाऱ्यावर अशा जमिनीला पोटखराबा म्हणतात. याच कातळांवर ती प्रसिद्ध कातळशिल्पं आहेत, जी २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. लोक शिल्पं बघायला उन्हाळ्यात येतात, ते बरोबरच आहे, चर नीट दिसतात. पण पावसाळ्यात त्याच कातळावर जे चालतं ते उभ्या माणसाला दिसत नाही. मी जातो तो सडा घरापासून स्कूटरवर १५ मिनिटांवर आहे. नाव सांगत नाही, उद्या तिथे भज्यांची गाडी लागेल.

पावसाळा मी नक्षत्रांनीच मोजतो: जूनमधल्या मृगापासून ऑक्टोबरमधल्या चित्रापर्यंत. मृग लागल्यावर चौथ्या दिवशी गेलो. दोन मोठ्या सरी होऊन गेल्या होत्या. उभं राहून बघितलं तर काळा दगड, ओला. भिंग लावलं तर त्या काळ्या थरातच हालचाल दिसली. वर्षभर खरपुडीसारखं वाळून पडलेलं शेवाळ पाणी पिऊन फुगलं होतं, आणि त्याच्यात नुकत्याच रुजलेल्या रोपांची, हिरव्या टाचण्यांसारखी डोकी. हजारो. एका रुपयाच्या नाण्याखाली झाकतील एवढ्या जागेत मी २३ मोजली आणि सोडून दिलं. भाची म्हणाली, यातली निम्मी तरी मरणार. पाऊस आठ-दहा दिवस दडी मारतो ना, तेव्हा.

तसंच झालं. आर्द्रा कोरडी गेली. खळग्यातलं पाणी आटलं, दगड पुन्हा तापला आणि त्या टाचण्या करपून केसासारख्या झाल्या. मला वाटलं, संपलं, यंदा काही नाही. भाची हसली. त्या बियांपैकी काही मुद्दामच रुजत नाहीत म्हणे. एकाच झाडाच्या, एकाच दिवशी पडलेल्या बिया, पण काही पहिल्या पावसाला उठतात, काही दुसऱ्याला, आणि काही चक्क पुढच्या वर्षापर्यंत झोपून राहतात. ज्या झाडाकडे कांदा नाही, कंद नाही, लाकूड नाही, त्याची सगळी पुंजी बियांत. ती एका डावावर लावून कसं चालेल? वाळवंटातल्या अशाच एक-हंगामी झाडांसाठी याचं गणित डॅन कोहेन नावाच्या शास्त्रज्ञानं १९६६ मध्ये मांडून ठेवलं आहे: पाऊस जितका बेभरवशाचा, तितक्या जास्त बिया राखून ठेवणं फायद्याचं. आता आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, वाळवंट कुठलं आलं! पण कातळावर पाणी थांबत नाही आणि मुरत नाही. दहा दिवस उघडीप झाली की तिथल्या बीजाला राजस्थानच.

पुनर्वसूत पाऊस परतला आणि दुसरी फळी उठली. मी त्याच नाण्याएवढ्या जागेवर खडूनं खूण केली होती, ती अर्थात वाहून गेली. पण जागा पाठ होती.

मधल्या दिवसांत दीपकाडी दिसली. पांढरी, दांड्यावर ओळीनं लागलेली फुलं, आणि ही फक्त कोकणच्या सड्यांवरचीच. सुंदर. पण तिला मी या हिशेबात धरत नाही. तिचा कांदा खाली मातीत आहे, बँकेत ठेव असल्यासारखा. वरचं सगळं वाळलं तरी तिला पुढच्या वर्षाची काळजी नाही. मला उत्सुकता बिनभांडवली मंडळींची होती.

आश्लेषा-मघेत सड्याचा रंग पालटला. खळग्यांत पाणी, कडेनं लाल ठिपके, मधे निळे. लाल ठिपके म्हणजे दवबिंदू नावाची झाडं. नुसत्या डोळ्याला गवताच्या पात्यावर दव पडल्यासारखं दिसतं. भिंगातून बघितल्यावर कळतं की ते दव नाही: प्रत्येक थेंब एका देठावर बसलेला, थेंबाच्या आत लाल डोकं. त्यात एक चिलट अडकलेलं होतं, मागचे दोन पाय हलत होते. मी २० मिनिटं पालथा पडून होतो. तेवढ्यात दोन-तीन देठ त्याच्याकडे वळले, अगदी मिनिटकाट्याच्या चालीनं, म्हणजे चालताना दिसत नाहीत पण नजर फिरवून परत बघितलं तर जागा बदललेली. इथे दहापट भिंगाची खरी किंमत वसूल झाली. चौपटमध्ये चिलट दिसतं, देठ दिसत नाहीत. आणि दिव्याचं भिंग असतं तर थेंबांवर उजेड चमकून काहीच दिसलं नसतं. ढगाळ दिवसाचा उजेड यासाठी सगळ्यात उत्तम.

एवढासा जीव माश्या का खातो, हे मी विचारलं. धो धो पावसानं कातळावरच्या त्या चिमूटभर मातीतलं नत्र धुऊन जातं. मुळांना मिळेना, तर पानांनी मिळवायचं.

निळे ठिपके म्हणजे सीतेची आसवं. नाव ज्यानं ठेवलं त्याला दंडवत. पण या आसवांचं पोट मातीखाली आहे. भाचीनं बाटलीच्या झाकणात चिमूटभर चिखल घेऊन पाण्यात हलकेच विरघळवला आणि म्हणाली, आता बघ. केसासारखे धागे, आणि धाग्यांना खसखशीच्या दाण्याहून बारीक पारदर्शक पिशव्या. या झाडाला खरी मुळं नसतातच. त्या पिशव्या म्हणजे सापळे. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकत राहते, भिंती आत दबतात, आणि दार बंद. दाराशी केस असतात. एखादा सूक्ष्म जीव केसाला लागला की दार उघडतं, दबलेल्या भिंती उसळतात आणि पाण्याबरोबर तो आत. हे सगळं एका मिलिसेकंदाच्या आत.

मला दुकानातलं गणित सुचलं. हातानं चावी द्यायच्या जुन्या एचएमटीचा ठोका तासाला १८,००० असतो, म्हणजे सेकंदाला पाच. एका टिक पासून दुसऱ्या टिकपर्यंत २०० मिलिसेकंद. तेवढ्यात हा सापळा दोनशे वेळा उडून झाला असता. उडालेला सापळा पुन्हा ताणायला मात्र साधारण अर्धा तास लागतो. चावी द्यायला वेळ, सुटायला क्षण. ३१ वर्षं मी स्प्रिंगा बघतोय, इतकी बारीक बघितली नव्हती. भिंगाच्या बाजूनं सांगायचं तर दहापटीत पिशवी दिसते, दाराची जागा कळते, दारावरचे केस दिसत नाहीत. तिथे सूक्ष्मदर्शकच हवा.

गणपतीत मुंबईहून भावाची मंडळी आली. तीन मुलं, वय वर्षं ७ ते १२. भिंगाची खरी परीक्षा तेव्हा झाली. मोबाइल बघायचा हट्ट सोडून तिघं कातळावर पालथी, भिंग एक, आणि "आता मी, आता मी". दोनदा दगडावर पडलं. काचेला ओरखडा नाही, झाकणाला पोचा आला. सगळ्यात धाकट्यानं कवळ्याच्या पिवळ्या फुलाला कान आहेत म्हणून शोध लावला, मिकी माउसचे. हाच कवळा कोवळा असताना आमच्याकडे भाजीला येतो, हे सांगितल्यावर तो नाराज झाला.

गौरीसाठी तेरडा आणायला त्यांनाच घेऊन गेलो. आमच्याकडे तेरड्याची गौर असते. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' हे मी लहानपणापासून ऐकतोय, बहुतेक वेळा माझ्या उत्साहाबद्दल. फूल तीन दिवसांत गळतं, खरं आहे. पण पुढचं कुणी म्हणीत घातलं नाही. फुलामागं केसाळ, फुगीर बोंड धरतं. पिकलं की बोट लागायचा अवकाश, पाच कप्पे फटकन गुंडाळतात आणि बिया हातभर लांब उडतात. मी ते भिंगातून बघायला गेलो. अडीच सेंटीमीटरवर डोळा आणि बोंड फुटलं. बी काचेवर आपटलं, ते ऐकूही आलं. भिंग नसतं तर डोळ्यात गेलं असतं. तेरडा बघायचा असेल तर हिरवं बोंड बघा, पिकलेलं लांबून.

पूर्वा-उत्तरा म्हणजे गेंदांचे दिवस. पाणथळीत पांढरी बटणं उभी, वाऱ्यानं डुलणारी. लांबून एक फूल वाटतं. भिंगातून एका बटणात डझनांनी फुलं, नर वेगळी, मादी वेगळी, आणि पांढऱ्यात काळे ठिपके म्हणजे परागकोश. डायलवरच्या खुणांसारखे. त्यांच्या दोन-तीन जाती शेजारी शेजारी उभ्या असतात हे मला दिसलं, पण कुठली कोण हे सांगता आलं नाही. भाची म्हणाली, मलाही नाही येत, बियांवरची नक्षी बघावी लागते, तीही प्रयोगशाळेत. विकणाऱ्यानं पानावर 'वनस्पती ओळखण्यासाठी' असं लिहिलंय, त्यात एवढी दुरुस्ती करून घ्या.

एकदा मुद्दाम संध्याकाळी गेलो, तुतारीसाठी. लांबच लांब नळी आणि वर पांढरं फूल, दिवस मावळताना उमलतं, पतंगांसाठी. हेही झाड एका पावसाळ्याचं, आणि शिवाय शेजाऱ्याच्या मुळांतून थोडं चोरून घेणारं. तिथे बॅटरी लागली, डास लागले, भिंग फारसं लागलं नाही.

मग हस्त. ऑक्टोबरचं ऊन. इथे मला घाई झाली, कारण सड्याला घाई झाली होती. रविवारी खळग्यात पाणी होतं, पुढच्या रविवारी चिखल, त्याच्या पुढच्या रविवारी भेगा. आसवांची निळी फुलं गेली, देठांवर बारीक बोंडं. एक बोंड तळहातावर फोडलं: तपकिरीसारखी पूड. भिंगातून दाणे दिसले. आई तपकीर ओढायची, तिच्या डबीतली आठवली. माझ्या श्वासानंच अर्धी पूड उडाली आणि मला उगाच अपराधी वाटलं, पण भाची म्हणाली, उडाली तर उडाली, तिला तेच हवं होतं. चित्रा लागेपर्यंत सगळं गवत पिवळं, दवबिंदूंच्या जागी काळे धागे, गेंदाची बटणं वाळून राखाडी. माझ्या त्या नाण्याएवढ्या जागेत जून महिन्यातल्यासारखाच काळा थर. त्यात आता नव्या बिया आहेत, आणि यंदा न उठलेल्या जुन्याही असतील.

कारवी सात वर्षांनी फुलते म्हणून पेपरात फोटो येतो, लोक गाड्या काढून जातात. ही मंडळी दरवर्षी चार महिन्यांत जन्म, लग्न, बाळंतपण, सगळं उरकतात. त्यांच्यासाठी कोण गाडी काढतो? कास पठाराचं नाव २०१२ मध्ये जागतिक वारशात गेलं, तिथे गर्दी होते, तिकीट लागतं. तिथे गेलात तरी हे भिंग न्या, फक्त आखलेल्या वाटेवरून जे पोचेल तेच बघा. आमच्या सड्यांना तिकीट नाही, चिरेखाणी आहेत. माझं घर जांभ्या चिऱ्यांचंच आहे, म्हणून या विषयावर मी आवाज चढवत नाही.

आता तक्रारी.

स्क्रू. बाकी सगळं पितळ, आणि बिजागरीचा स्क्रू लोखंडी. आश्लेषेतच गंजला, मघेत झाकण घट्ट झालं, पूर्वेत ते उघडताना स्क्रूचं डोकंच तुटलं. कोकणात विकायच्या वस्तूला लोखंडी स्क्रू म्हणजे बिनछपराच्या गोठ्यात गवत भरण्यासारखं. मी दुकानातल्या मेलेल्या टेबलघड्याळाचा पितळी स्क्रू बसवला, दहा मिनिटांचं काम. ज्यांच्याकडे मेलेली घड्याळं नाहीत त्यांनी घेतल्या दिवशीच तेलाचा एक थेंब सोडावा, खोबरेल नको, चिकट होतं.

बरोबर आलेली पिशवी चामड्याची म्हणतात, ती नाही. तिला १५ दिवसांत बुरशी आली. बुरशी काचेवर गेली तर भिंग संपलं, म्हणून पिशवी फेकून द्या. मी औषधाच्या बाटलीतल्या त्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या घालून डब्यात ठेवतो. गळ्यात अडकवायला दोरी येत नाही. लाल दोरी बांधा, हिरवी बांधली तर गवतात शोधत बसाल.

पावसात श्वासानं काच धुरकटते. यावर उपाय नाही, श्वास धरून बघायचं.

मोबाइलच्या कॅमेऱ्याला भिंग टेकवून फोटो निघतात, बरे निघतात, पण मधलाच भाग स्पष्ट येतो. ६८० रुपयांत आणखी काय हवं.

पाचपैकी चार तारे. एक स्क्रूचा कापला. विकणाऱ्याला स्क्रूबद्दल दोनदा लिहिलं, 'आपला अभिप्राय आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' एवढंच आपोआप आलं. भाचीच्या वर्गातल्या चौघींनी तरीही हेच भिंग मागवलंय. चारही आधी दुकानात आणून द्या म्हणून सांगितलंय. पितळी स्क्रू काढून ठेवलेत, मृगाच्या आधी बसवून देतो.